किलो की क्विंटल? स्वतःचे डेटा टाइप लावून प्रोग्राममधली चूक पकडण्याची रीत

तालुक्याच्या गावी बसून जिनिंगसाठी, खरेदी केंद्रांसाठी, शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी छोटे प्रोग्राम लिहिणारी पोरं विदर्भात आता बरीच झाली आहेत. मला त्यांचे फोन येतात ते बहुतेक एकाच दुखण्यासाठी: हिशोब चुकतो, पण प्रोग्राम कुठं अडत नाही. मी म्हणतो, स्वतःचे डेटा टाइप (आकडा कशाचा आहे ते सांगणारे प्रकार) बनवा आणि त्यात तपास लावा. आठवड्यानं पुन्हा फोन. एकाचं म्हणणं, 'लावले, आता काहीच चालत नाही.' दुसऱ्याचं, 'लावले, तरी चूक तशीच.' दोघांचाही क्रम चुकलेला असतो.

उदाहरण कापूस खरेदीचं घेतो. ही चूक मीच केलेली आहे.

एका शेतकऱ्याचा कापूस भरला १८.४० क्विंटल. भाव धरा क्विंटलला ७,००० रुपये. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या पैशांची चिठ्ठी, निघायला हवी होती १,२८,८०० रुपयांची, निघाली १,२८८ ची. त्या शेतकरी काकाजींनी पट्टी माझ्यासमोर धरली, 'काऊन रे बावा, मले मजुरी देऊन रायला का कापसाचे पैसे?' प्रोग्रामनं १८.४० हे किलो समजून १०० नं भागलं होतं. मी घाईत पट्टी छापायच्या जागी एक ओळ घातली: वजन ५० पेक्षा कमी असेल तर १०० नं गुणा. पट्टी दुरुस्त झाली, मी घरी गेलो. दोन दिवसांनी एक बाई फरदडीचा (हंगामानंतर त्याच झाडांवर येणारा) ३८ किलो कापूस बोरीत बांधून घेऊन आली. तिचे २,६६० रुपये व्हायचे, पट्टी निघाली २,६६,००० ची.

३८ हा आकडा किलो आहे की क्विंटल, हे ३८ कडे पाहून कळत नाही. तो कोणत्या वहीतून आला यावरूनच कळतं. ही माहिती आकड्याला दारातच चिकटवायची आणि पट्टीपर्यंत सुटू द्यायची नाही, एवढ्यासाठी स्वतःचा डेटा टाइप.

पुढचं सगळं पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. साचे मराठीत दिले आहेत, दुसऱ्या भाषेतही उतरवता येतील.

## तयारी: संगणकाला हात लावण्याआधी

चालू प्रोग्रामची आणि डेटाची तारीख घातलेली प्रत काढून ठेवा. हंगामात काटा चालू असताना मूळ फाईलवर प्रयोग करू नका. दुपारी लाईट गेली आणि अर्धवट फाईल उरली, तर सकाळची दुरुस्ती कुठवर आली होती हेही आठवत नाही.

मग कागद घ्या आणि प्रोग्राममध्ये आकडा शिरतो ती सगळी दारं लिहा. माझ्या प्रोग्रामला चार निघाली: धरमकाट्याची (गाडीसकट तोलणाऱ्या मोठ्या काट्याची) फाईल, गावखरेदीची एक्सेल वही, मोबाइलवरचा फॉर्म आणि मागच्या वर्षीचा जुना डेटाबेस. चौथं दार बहुतेक जण विसरतात. प्रत्येक दारापुढं दोन गोष्टी लिहा: एकक कोणतं, आणि आकडा कोण भरतं. एकक स्तंभाच्या नावावरून ठरवू नका. माझ्या दोन फायलींत स्तंभाचं नाव 'वजन' एवढंच होतं, एकीत किलो आणि दुसरीत क्विंटल.

हे काम फोनवर होत नाही. काट्यावर जाऊन अर्धा तास बसा. तिथं कळतं की धरमकाटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानंच वाचतो, म्हणजे १८.४० हा आकडा त्या काट्यावरून येऊच शकत नाही. पट्टीवरचा आकडा पाहताच मला हे सुचलं असतं, तर चुकीचं दार पाच मिनिटांत सापडलं असतं.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक दारापुढं एकक लिहिलं गेलं का? एकापुढंही 'बहुतेक किलो' असं असेल, तर पुढं जाऊ नका.

## १. चूक पुन्हा घडवून दाखवा

ज्या नोंदीची पट्टी चुकली ती एकच नोंद वेगळ्या छोट्या फाईलमध्ये काढा. तिच्यासोबत बरोबर निघालेली एक आणि कमी वजनाची एक, अशा तीन ओळी पुरेत. तिन्हींची उत्तरं हातानं, कॅल्क्युलेटरवर काढून बाजूला लिहा. प्रोग्राम फक्त या तीन ओळींवर चालवा आणि चूक तशीच येते का पाहा.

येत नसेल तर टाइप बनवायची वेळ अजून आलेली नाही. चूक त्या नोंदीत नसून तिच्या आधीच्या एखाद्या नोंदीनं मागं ठेवलेल्या खरकट्यात असू शकते. दहा-दहा ओळी वाढवत जा.

सावधान: आधी घातलेली ठिगळं या टप्प्यावर काढून टाका. माझी 'पन्नासच्या आत असेल तर गुणा' ही ओळ राहिली असती, तर पुढचा तपास तिनंच झाकून टाकला असता.

## २. सारखे दिसणारे आकडे वेगळे करा

आता दुसरा कागद. प्रोग्राममधले जे आकडे एकमेकांच्या जागी चुकून बसू शकतात, त्यांची नावं लिहा. किलो आणि क्विंटल लगेच सुचतात. पण भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन हे तिन्ही किलोच, तरी काम वेगळं. पहिल्या दोनांची अदलाबदल झाली की कापूस उणे येतो. ओलावा कुणी ८.५ लिहितो, कुणी ०.०८५. भाव क्विंटलचा की किलोचा, हाही प्रश्नच.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र तर खास सापळा. तिथं ते हेक्टर-आर मध्ये असतं. १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, म्हणजे सुमारे ३ एकर. शेतकरी बोलतो एकरात. वरून एक्सेल १.२० चं १.२ करतं, आणि १ हेक्टर ५ आर कुणी १.५ असं भरलं, तर ते ५० आर होतं. याला दशांश अपूर्णांक समजण्याऐवजी हेक्टर आणि आर असे दोन पूर्णांक ठेवणारा टाइप करा. आर ० ते ९९ च्या बाहेर गेला की अडवायचं, आणि टिंबानंतर एकच अंक आला तर अंदाज न करता भरणाऱ्यालाच विचारायचं.

यादी वीस नावांची झाली तरी घाबरू नका. आज त्यातलं एकच नाव घ्यायचं आहे, ज्याची पट्टी चुकली ते. सगळे टाइप एकाच रात्री बनवणाऱ्यांचाच दुसऱ्या दिवशी 'काहीच चालत नाही' असा फोन येतो.

## ३. पहिला टाइप बनवा

साचा एवढाच:

वर्ग किलो (एकदा बनला की न बदलणारा)
— आकडा: दशांश
— बनताना तपास १: आकडा दशांश प्रकारचाच आहे का? नसेल तर अडव.
— बनताना तपास २: आकडा ० पेक्षा मोठा आणि कमाल मर्यादेच्या आत आहे का? नसेल तर अडव.
— क्विंटल करून दे: आकडा भागिले १००, उत्तर 'क्विंटल' या टाइपमध्ये.

पायथनमध्ये हे डेटाक्लासनं होतं (आवृत्ती ३.७ पासून). 'फ्रोझन' पर्याय चालू ठेवा आणि तपास पोस्ट-इनिट (बनल्याबरोबर आपोआप चालणाऱ्या) पद्धतीत लिहा. तसाच दुसरा वर्ग क्विंटलचा. 'दशांश' म्हणजे डेसिमल (लिहिला तसाच आकडा ठेवणारा प्रकार), फ्लोट (जवळचा आकडा ठेवणारा) नव्हे. डेसिमल बनवतानाही मजकुरापासून बनवा. आधी फ्लोट केलेला १८.४ डेसिमलमध्ये टाकला की १८.३९९९९… असं शेपूट घेऊन येतो.

या टप्प्यावर चार ठिकाणी घसरायला होतं. चारही मी पाहिलेत, दोन स्वतः केलेत.

फ्लोटपासून वारसा घेणं. 'किलो हा फ्लोटच तर आहे' म्हणून फ्लोटचा उपवर्ग केला, की किलो अधिक क्विंटल ही बेरीज मुकाट्यानं होते आणि उत्तर साधा फ्लोट येतं. ज्यासाठी टाइप केला तेच हातचं गेलं. आकडा वर्गाच्या आत ठेवा. डेटाक्लासला बेरीज शिकवली नसेल तर पायथन आपणहून अडतो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

फक्त टाइप-हिंट लिहून थांबणं. 'वजन: किलो' असं लिहिलं म्हणून प्रोग्राम चालताना पायथन काही तपासत नाही. न्यू-टाइपचंही तसंच. तो मायपायसारख्या, कोड न चालवता नुसता वाचून तपासणाऱ्या तपासनीसासाठी असतो, चालताना आत साधा आकडाच राहतो. कोडमधली अदलाबदल पकडायला तो चांगला, पण एक्सेलमधून आलेली घाण त्याला दिसत नाही.

असर्ट ('हे खरं असलंच पाहिजे' असं सांगणारी ओळ) वापरून तपास लिहिणं. पायथन ऑप्टिमाइझच्या पर्यायानं चालवला की सगळे असर्ट गळून पडतात. तपास 'जर नसेल तर एरर उठव' असाच लिहा.

आणि तपास उलटा लिहिणं. हे जरा थांबून पाहू. 'वजन शून्य किंवा कमी असेल तर अडव' ही अट वाचायला बरोबर वाटते. पण पांडाज (तक्ते वाचणारी पायथनची लायब्ररी) एक्सेलमधला रिकामा रकाना वाचतं तेव्हा तिथं 'नॅन' ('आकडा नाही' अशी खूण) ठेवतं. नॅन हा फ्लोटच असतो, आणि त्याची कशाशीही लहान-मोठी तुलना केली तरी उत्तर 'नाही' येतं. नॅन शून्यापेक्षा कमी आहे का? नाही. म्हणजे अडवायचं कारण नाही, म्हणजे तपास १ मध्ये फ्लोटला मुभा दिली असेल तर थेट आत. पुढं त्या दिवसाची अख्खी बेरीज नॅन होते. तीच अट सुलटी लिहा: 'शून्यापेक्षा मोठं आणि मर्यादेच्या आत असेल तरच घे'. आता नॅनला दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही', म्हणून तो बाहेर.

तपासा: नवा वर्ग एकट्यानं चालवा. त्याला शून्य, उणे ५, रिकामा मजकूर, नॅन आणि 'खरं' हे बूलियन मूल्य द्या. पाचही अडले पाहिजेत. शेवटचं यासाठी, की पायथनमध्ये बूलियन हा पूर्णांकाचाच उपवर्ग आहे. तपास १ मध्ये पूर्णांकालाही मुभा दिलीत तर 'खरं' हे १ किलो म्हणून आत येतं.

कमाल मर्यादा मनानं ठरवू नका. मी ट्रॅक्टर-ट्रॉली धरून मर्यादा घातली आणि पहिल्याच आठवड्यात ट्रक आला. काट्यावरच्या माणसाला विचारा, त्याच्यापेक्षा थोडी सैल ठेवा.

## ४. तपास दारावर लावा, घरभर नाही

कागदावरची चार दारं आठवा. प्रत्येक दाराला एकच वाचणारं फंक्शन असेल, आणि मजकुराचा टाइप फक्त त्यातच होईल. काट्याच्या फाईलचं फंक्शन किलो देईल. गावखरेदीच्या वहीचं फंक्शन क्विंटल देईल. त्यापुढं आत जाणाऱ्या एकाही फंक्शननं साधा आकडा घ्यायचा नाही.

दारावरच्या तपासाला त्या दाराचं खास ज्ञान द्या. धरमकाट्याच्या दारावर 'आकडा ५ च्या पटीत आहे का' ही एक ओळ घातली, तेव्हा माझ्याकडे जुन्या फायलींत हातानं घुसडलेले आकडे आपोआप बाहेर पडले. हा तपास किलोच्या वर्गात टाकू नका, कारण लहान तोलकाट्यावर तोललेली ती ३८ किलोची बोरीसुद्धा किलोच आहे. तसंच ओलाव्याचं. सरकारी कापूस खरेदीत ८ टक्के हा आधार आणि १२ टक्क्यांपर्यंत स्वीकार, म्हणून त्या दारावर १२ ची मर्यादा योग्य. व्यापाऱ्याच्या दारावर ती चालणार नाही.

एररचा मजकूर लिहायला कंटाळू नका. 'चुकीचे वजन' एवढंच लिहिलंत तर फायदा शून्य. असा लिहा: 'काट्याची फाईल, ओळ २१४, स्तंभ वजन: किलो हवे, आले १८.४०, प्रकार मजकूर, ५ च्या पटीत नाही.' कोणतं दार, कितवी ओळ, काय हवं होतं, काय आलं. आलेलं मूल्य अवतरणचिन्हांत छापा, म्हणजे मागं चिकटलेली मोकळी जागाही दिसते.

सावधान: एरर आली म्हणून तिच्याभोवती ट्राय-एक्सेप्ट (एरर झेलून पुढं जाणारी रचना) गुंडाळून 'एक्सेप्ट'मध्ये शून्य टाकू नका. शेतात कुंपण घालून फाटक उघडं ठेवण्यातला प्रकार आहे हा.

## ५. चालवा आणि पहिलीच एरर वाचा

आता पहिल्या टप्प्यातल्या तीन ओळींवर प्रोग्राम चालवा. तो अडला पाहिजे, आणि आधीपेक्षा लवकर. माझा पट्टीपाशी चुकणारा प्रोग्राम आता बेरजेच्या फंक्शनमध्येच अडला, 'क्विंटल आणि किलो यांची बेरीज होत नाही' म्हणून. मूळ चूक तिथंच होती: गावखरेदीच्या आणि काट्याच्या याद्या मी एकत्र करून सगळ्यांना एकदम १०० नं भागत होतो.

एररची माळ खालून वर वाचा. सगळ्यात खालची ओळ काय झालं ते सांगते, तिच्या वरच्या ओळी तिथवर कोण घेऊन आलं ते. आपलं दुखणं बहुधा या वरच्या ओळींत असतं. एक एरर दुरुस्त करा, पुन्हा चालवा. एकदम पाच दुरुस्त्या केल्या की कोणत्या गोळीनं ताप उतरला ते कळत नाही.

दुरुस्ती करताना रूपांतर एकाच जागी ठेवा, 'क्विंटल करून दे' या पद्धतीत. सगळ्या कोडमध्ये १०० हा आकडा शोधा. त्या पद्धतीबाहेर तो भागाकारात किंवा गुणाकारात सापडला, तर तिथं अजून एक चूक दबा धरून बसली आहे असं समजा.

प्रोग्राम न अडता चूक तशीच आली, तर दोनच शक्यता. एक, कुठंतरी टाइपच्या पोटातला आकडा काढून वापरलेला आहे. 'वजन.आकडा' असं जिथं जिथं लिहिलं असेल ते शोधा. छपाईच्या फंक्शनबाहेर ते दिसायला नको. दोन, बरोबरीची तुलना. दोन वेगळ्या डेटाक्लासची बरोबरी तपासली तर पायथन अडत नाही, नुसतं 'नाही' म्हणतो. १०० किलो आणि १ क्विंटल त्याच्या लेखी सारखे नाहीत, आणि तो तक्रारही करत नाही. त्यामुळे 'या वजनाच्या नोंदी शोध' अशी चाळणी रिकामी परत येते. तुलनेआधी दोन्ही बाजू एकाच एककात आणा.

तपासा: तिन्ही ओळींची उत्तरं हातानं काढलेल्या उत्तरांशी पैशापर्यंत जुळली का? १,२८,८०० आणि २,६६० दोन्ही एकाच वेळी बरोबर आले पाहिजेत.

## ६. आकड्यांसारखा दिसणारा मजकूर

वजन मार्गी लागलं की पुढचा टाइप घ्या. माझा सल्ला, आधी हे घ्या: गट क्रमांक, खाते क्रमांक, आधार, गावाचं नाव. यांची बेरीज-वजाबाकी कधीच होत नाही, म्हणून हे आकडे नव्हेतच. पण एक्सेलला ते कोण सांगणार? गट क्रमांक ३/२ भरला की त्याची तारीख होते. १२ अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात दिसायला लागतो. बँक खात्याच्या पुढची शून्यं गळतात, आणि क्रमांक १५ अंकांहून लांब असला तर शेवटचे अंक शून्य होऊन बसतात. हे गेलेले अंक परत आणता येत नाहीत, म्हणून दारावर फाईल वाचतानाच ते स्तंभ मजकूर म्हणून वाचा आणि टाइपमध्ये लांबी तपासा. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा, पाचवं अक्षर शून्य. तिथं इंग्रजी 'ओ' आला की लगेच पकडला जातो.

गावाचं नाव हा मराठी माणसाचा स्वतःचा सापळा. 'कुऱ्हा' हे नाव एकाच्या कीबोर्डवरून सहा चिन्हांचं येतं, दुसऱ्याच्या सात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. एकात ऱ हे एकच चिन्ह असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, किंवा र खाली नुक्ता. त्यामुळे एकाच गावाचे दोन हिशोब तयार होतात आणि आपण बेरीज शोधत बसतो. गावाचा टाइप बनताना मजकूर एनएफसी (युनिकोडच्या ठरलेल्या एकसारख्या) रूपात आणा, त्यानं नुक्त्याचा प्रश्न सुटतो. न दिसणाऱ्या जोडकाचा सुटत नाही. 'र, हलन्त, जोडक' ही माळ दिसली की तिचं 'ऱ, हलन्त' करणं आपल्यालाच लिहावं लागतं. मग नाव गावांच्या ठरलेल्या यादीत आहे का पाहा, नसेल तर अडवा.

मराठी अंकांबद्दलही विचारतात. पायथन '१८' या देवनागरी मजकुराचा आकडा नीट करतो. जावास्क्रिप्ट त्याला नॅन म्हणतो. मोबाइलचा फॉर्म जावास्क्रिप्टमध्ये असेल तर अंक तिथंच बदलून घ्या. '१,२८,८००' मधला स्वल्पविराम मात्र दोघांनाही चालत नाही.

## ७. चालू हंगामात लावताना

तपास करताना पहिल्या चुकीवर प्रोग्राम पडावा हेच बरं. पण बाहेर वीस गाड्यांची रांग असताना एका वाईट ओळीसाठी काटा थांबवला, तर लोक तुम्हाला सोडणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. म्हणून चालू कामात अडलेली ओळ 'बाजूला ठेवलेल्या नोंदी' अशा वेगळ्या फाईलमध्ये एररच्या पूर्ण मजकुरासकट टाका. तिची पट्टी छापू नका आणि पुढची गाडी घ्या.

संध्याकाळी काटा बंद करताना एक बेरीज जुळलीच पाहिजे: आलेल्या ओळी म्हणजे स्वीकारलेल्या अधिक बाजूला ठेवलेल्या. एकाचाही फरक आला तर कुठंतरी कुणी ट्राय-एक्सेप्टमध्ये ओळ गिळली आहे. बाजूची फाईल ज्याला वाचायची आहे, त्याचं नाव ठरवून टाका. आमच्याकडं ती पहिले पंधरा दिवस कुणीच उघडली नव्हती, आणि चौदा शेतकऱ्यांच्या पट्ट्या तिच्यात पडून होत्या.

चूक सापडली म्हणून तपास काढू नका. प्रोग्राम हळू होईल ही भीती इथं फुकाची आहे. दिवसाला काही शे गाड्यांच्या नोंदी तपासायला लागणारा वेळ पट्टी छापायच्या वेळापुढं काहीच नाही. मर्यादा मात्र दर हंगामाच्या आधी, सीतादहीच्या (कापूस वेचणीच्या आरंभीच्या पूजेच्या) सुमारास, काट्यावर जाऊन पुन्हा विचारून घ्या. यंदा आमच्या काट्याची दुरुस्ती झाली आणि त्याचा टप्पा ५ चा १० झाला. दारावरची ओळ जुनीच राहिली होती. २,३४५ किलोची एक नोंद त्या ओळीला खुशाल चालली, पण दुपारी काट्यावर चहा घेताना पडद्यावर एकही आकडा पाचनं संपताना दिसेना, तेव्हा ती ओळ बदलली.